पिवळी टाकी

जरीमरीत राहणाऱ्याला विमानाचं
फक्त पोट माहीत असतं.
चाकं, पंखांखालची मोठाली अक्षरं,
मग भांडी वाजतात, टीव्हीतला माणूस
अर्धं वाक्य गिळतो
आणि आई थांबवलेलं भांडण
बरोबर तिथूनच पुढे सुरू करते.

विमानाला तोंड असतं,
तोंडात माणसं बसलेली असतात,
हे कळत होतं. पटत नव्हतं.

परवा लखनौहून आले.
फ्लाइंग स्कूलची मुलाखत होती. जाताना रेल्वेने,
येताना मामाने तिकीट काढून दिलं,
म्हणाला, चालवायचं म्हणतेस, आधी बसून तर बघ.
पट्टा लावायला शेजारच्या काकांनी शिकवलं.
मी त्यांना म्हटलं, आता फ्लॅप बाहेर येतील.
आले.
काका मग जरा सरकून बसले.

उतरल्यावर सगळे उभे, वाकलेले, बॅगांखाली.
मी बसूनच.
छातीवर रोशेल नावाची पट्टी लावलेली एअर होस्टेस
वाकून म्हणाली, काही हवंय?
घशात होतं ते तसंच बाहेर पडलं,
पायलट व्हायचंय, दारातूनच, नुसतं बघून…
ती हसली नाही.
हे वाक्य ऐकून न हसलेली ती चौथी.
तिने आतला फोन उचलला.

दार साधंच. संडासाच्या दाराला लागून.
आत गरम प्लॅस्टिकचा वास, गार कॉफीचा,
आणि पायलटच्या बॅगेवर अर्धवट खाल्लेला पोह्यांचा डबा.
"डोकं सांभाळ," म्हणाल्या कॅप्टन ग्लेनिस कोलासो,
मरोळ गावठाणच्या, मराठीही थेट तिथलीच,
"बस गो माझ्या जागेवर. मी सकाळपासून बसूनच हाय."
पाय पेडलला पुरेनात.
शेजारी कागद भरणाऱ्या वाघचौरेने
मान वर न करता एक खटका दाखवला.
पेडल चालत माझ्याकडे आले.

हात लावू?
"लाव. झोपलंय ते आता."
साइडस्टिक किंचित चिकट होती,
कुणाच्या तरी तळहाताची.

"धावपट्टीपाशी चार दिवे. चारही पांढरे?"
उंच.
"चारही लाल?"
खाली. फार खाली.
"दोन लाल, दोन पांढरे?"
बरोबर.
तेव्हा वाघचौरेने मान वर केली.

"राहतेस कुठे?"
जरीमरी. मशिदीच्या मागे, पत्र्यांत.
तुम्हाला नाही कळायचं.
"पिवळ्या टाकीच्या कुठल्या बाजूला?"

मी गप्प.
"सगळ्या काळ्या टाक्या, त्यात ती एकच पिवळी.
अकरा वर्षं बघते. ती नाकाखाली गेली
की मनात म्हणते, ग्लेनिस, आलं घर."

ती आमची आहे, मी म्हटलं.

"तुमची?"
आणि त्या एवढ्या मोठ्यांदा हसल्या
की सफाईला चढलेली हमिदाआपा,
आमच्याच गल्लीतली,
हातात काळी पिशवी घेऊन दारात थबकली.
माझ्याकडे बघितलं, सीटकडे बघितलं,
परत माझ्याकडे.
"ऊठ बेटा," म्हणाली शेवटी,
"याला आत्ता अहमदाबादला जायचंय."

वाघचौरेने फोटो काढून दिला.
त्यात माझं अर्धंच कपाळ आहे,
बटणं मात्र सगळी.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, टाकी गळतेय,
नवी घेऊ या, काळी.
काळी स्वस्त पडते.
वरून एक पोट गेलं. ताटं वाजली. सगळे थांबलो.
या वेळी मी वर नाही बघितलं,
वरून खाली बघितलं:
पत्रे, वायरी, दोरीवरची माझी ओढणी,
मग ती.

पिवळीच आणा, मी म्हटलं.
"का?"
सांगणार होते.
तेवढ्यात दुसरं आलं.